पॅकेजिंग टीममध्ये गेलेल्या भाचीला

पुणे,
आषाढी एकादशीचा दुसरा दिवस

चि. भाचीबाई हिस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर टाइप करत बसणं माझ्या बोटांना झेपणारं नाही, म्हणून हे पत्र. तू ॲप्लिकेशन पॅकेजिंगच्या टीममध्ये लागलीस हे ऐकून तुझ्या आईला वाटलं, लेक इंजिनीअर होऊन खोकी भरायला गेली. मी तिची समजूत काढायला गेलो नाही. पुण्या-बंगळुरूच्या सेवा कंपन्यांत बसून परदेशातल्या बँकांची आणि विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं खोक्यात भरून देणारी मोठी फौज आहे, आणि खोकं वेळेवर गेलं की आत काय गेलं हे फारसं कुणी विचारत नाही. तेव्हा आईचं म्हणणं अगदीच चूक नाही.

तुझा प्रश्न असा. ट्रेनिंगमध्ये शिकवलं की ॲप-व्हीतलं सॉफ्टवेअर ‘बबल’मध्ये चालतं, खऱ्या मशीनच्या फाइलींना आणि रजिस्ट्रीला हात लावत नाही, म्हणजे ते सुरक्षित. तरीही क्लायंटचे सिक्युरिटीवाले तुमच्या प्रत्येक पॅकेजवर शंका काढतात आणि तुमचा लीड वैतागतो. यात बरोबर कोण?

सिक्युरिटीवाले. लीडचा वैताग मला कळतो, डेडलाइन त्याच्या डोक्यावर असते. पण ‘बबलमध्ये आहे म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य मी अनेक मीटिंगांमध्ये अनेक शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दरवेळी ते तितकंच चूक होतं.

हा बबल मुळात कशासाठी काढला ते आधी बघ. एकाच विंडोज मशीनवर दोन सॉफ्टवेअरं नांदत नसत. एकाला एका डीएलएलची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. एक जुन्या जावाशिवाय उघडायचं नाही, दुसरं नव्या जावाशिवाय. नवीन काही इन्स्टॉल केलं की आधीचं काहीतरी बसायचं आणि हेल्पडेस्कचे फोन वाजायला लागायचे. सॉफ्ट्रिसिटी नावाच्या अमेरिकन कंपनीने सॉफ्टग्रिड काढलं ते या भांडणावर. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचंच नाही. एका कोऱ्या मशीनवर त्याचं इन्स्टॉलेशन रेकॉर्ड करायचं, कुठल्या फाइली आल्या आणि रजिस्ट्रीत काय लिहिलं गेलं ते सगळं एका पॅकेजमध्ये भरायचं, आणि चालवताना त्या सॉफ्टवेअरला भासवायचं की बाबा रे, तू इन्स्टॉल झालेला आहेस. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, सॉफ्टग्रिडचं ॲप-व्ही झालं, आणि २०१६ पासून ते विंडोज १० एंटरप्राइझमध्येच येऊ लागलं. व्हीएमवेअरने २००८ मध्ये थिनस्टॉल घेऊन त्याचं थिनॲप केलं. तिथे तर मशीनवर वेगळं क्लायंट सॉफ्टवेअरही लागत नाही, सगळं एका ईएक्सईमध्ये.

म्हणजे दोन सॉफ्टवेअरांत कज्जा होऊ नये म्हणून घातलेला हा आडपडदा. कालच एकादशी झाली. तुझी मामी उपासाचे डबे फडताळात वेगळ्या खणात ठेवते, साबुदाण्यात चुकून डाळीचं पीठ मिसळू नये म्हणून. त्या वेगळ्या खणामुळे मांजर अडेल असं तिला कधी वाटलेलं नाही. मांजरासाठी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यावी लागते. आणि हे काही माझं शहाणपण नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या ॲप-व्हीच्या कागदपत्रांत सुरक्षेच्या पानावर सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की हे सुरक्षेचं उत्पादन नाही आणि सुरक्षित वातावरणाची कसलीही हमी ते देत नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही ते पान कुणी वाचत नाही.

बबलमधल्या प्रोग्रामला काय काय करता येतं ते तू स्वतः करून बघ. टेस्ट मशीनवर कुठलाही व्हर्च्युअल एडिटर उघड, ‘फाइल’, मग ‘ओपन’. सगळी सी ड्राइव्ह समोर दिसेल. तुझं डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्ह, सगळं. कारण हा प्रोग्राम म्हणजे त्याच विंडोजवर, त्याच कर्नलवर, लॉग-इन केलेल्या माणसाच्या अधिकाराने चाललेली साधी प्रोसेस आहे. त्याच्या स्वतःच्या फाइलींची आणि रजिस्ट्रीची आभासी प्रत तेवढी त्याच्यापुढे धरलेली असते. तुझ्या डॉक्युमेंट्समध्ये तो लिहितो ते खऱ्या डॉक्युमेंट्समध्ये. तसं नसतं तर बबलमधल्या वर्डमध्ये केलेलं पत्र तुला बाहेर सापडलंच नसतं! आता त्याच व्हर्च्युअल वर्डमध्ये कुणी मॅक्रोवाली फाइल उघडली आणि आतून रॅन्समवेअर निघालं, तर ते तुझी डॉक्युमेंट्स आणि शेअर ड्राइव्ह तितक्याच निवांतपणे कुलूपबंद करील. बबल मध्ये येणार नाही. येणं त्याचं कामच नाही.

आपल्या धंद्यात ही चूक जुनी आहे. युनिक्समध्ये १९७९ साली ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. एखाद्या प्रोग्रामला एकच फोल्डर दाखवायचं आणि तेच सगळं जग आहे असं भासवायचं. लोकांनी तिचा तुरुंग केला. मग कळलं की रूटचे अधिकार असलेला प्रोग्राम त्या तुरुंगातून सहज बाहेर येतो. कोंडून ठेवण्याच्या हेतूने मुद्दाम केलेली व्यवस्था, म्हणजे पॉल-हेनिंग कॅम्पची ‘जेल’, फ्रीबीएसडीत आली ती २००० साली. मधली वीस वर्षं लोक आडपडद्यालाच भिंत समजत होते.

आता तुझ्या कामाकडे येतो. मी सिक्युरिटीत असतो तर बबलकडे नंतर बघितलं असतं. आधी बघितलं असतं ते बबल जिथे भरतात त्या टेबलाकडे, म्हणजे इन्स्टॉलेशन रेकॉर्ड करणाऱ्या सिक्वेन्सरच्या मशीनकडे.

सिक्वेन्सिंगची पद्धत तुला पाठ झाली असेल. कोरी व्हर्च्युअल मशीन घ्यायची, सिक्वेन्सर सुरू करायचा. लगेच तो कुरकुर करतो, की डिफेंडर चालू आहे, विंडोज सर्च चालू आहे, हे बंद करा, नाहीतर त्यांचा कचरा पॅकेजमध्ये येईल. आपण बंद करतो. मग ॲडमिनच्या अधिकाराने क्लायंटने पाठवलेला सेटअप चालवतो. नीट बघ काय झालं ते. कुठून तरी आलेला इन्स्टॉलर, पूर्ण अधिकार, आणि राखणदाराला आपणच सुट्टी दिलेली. त्या मशीनवर जे काही घुसेल ते इमानेइतबारे रेकॉर्ड होऊन हजारो डेस्कवर पोचेल. म्हणून तीन गोष्टी कधी सोडू नकोस. सेटअपची फाइल सिक्वेन्सिंगच्या मशीनवर नेण्याआधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन कर. ती कंपनीच्या मूळ ठिकाणाहून आली आहे का आणि तिचा हॅश जुळतो का ते बघ. ‘मागच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये होती’ हे उत्तर चालवून घेऊ नकोस. आणि प्रत्येक पॅकेजनंतर मशीन स्नॅपशॉटवर परत ने. घाईच्या दिवशी हे परत नेणं टाळलं जातं आणि पहिल्या सॉफ्टवेअरचं अर्धं सामान दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये जातं. तयार पॅकेजही शेअरवर ठेवण्याआधी पुन्हा स्कॅन झालं पाहिजे.

पॅकेजच्या आत काय गेलंय ते बघायची सवय लाव. आवृत्ती ५ पासून ॲप-व्हीचं पॅकेज म्हणजे शेवटी एक झिप फाइल आहे. एक प्रत घे, शेवटचं ‘ॲपव्ही’ खोडून ‘झिप’ लिही, डबल-क्लिक कर. ‘रूट’ नावाचं फोल्डर दिसेल, त्यात ‘व्हीएफएस’, म्हणजे ज्या फाइली प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा सिस्टिममध्ये जायच्या त्या. शेजारी मॅनिफेस्टच्या एक्सएमएल फाइली, आणि ‘रजिस्ट्री डॉट डॅट’, जी रजएडिटमध्ये हाइव्ह म्हणून लोड करता येते. आता त्या व्हीएफएसमधल्या ‘आयएनआय’ आणि ‘कॉन्फिग’ फाइली नोटपॅडमध्ये उघड आणि ‘पासवर्ड’ शोध. डेटाबेसचं कनेक्शन स्ट्रिंग, लायसन्स सर्व्हरचं खातं, इन्स्टॉल करताना कुणीतरी सोयीसाठी टाकलेलं सर्व्हिस अकाउंट, हे सगळं साध्या अक्षरांत बसलेलं असतं. सिक्वेन्सर बिचारा जे दिसेल ते उचलतो, गुपित कोणतं आणि कचरा कोणता हे त्याला काय ठाऊक! तुला जे दिसलं ते शेअर वाचता येणाऱ्या प्रत्येकाला दिसणार. कंपनीतल्या इंटर्नपासून सगळ्यांना.

मशीनवर पोचल्यावरही तीच तऱ्हा. प्रोग्रामडेटामध्ये ‘ॲप-व्ही’ नावाच्या फोल्डरखाली पॅकेजं उलगडून ठेवलेली असतात. टर्मिनल सर्व्हरवर एकाच मशीनवर पन्नास माणसं बसतात. पेरोलचं सॉफ्टवेअर दोघांनाच पब्लिश केलंय, बाकीच्यांना आयकॉन दिसत नाही, म्हणून अकाउंट्सचा मॅनेजर निर्धास्त. पण आयकॉन न दिसणं आणि फाइल वाचता न येणं यांत फार अंतर आहे. वापरकर्त्यागणिक हे फोल्डर बंद ठेवण्याची एक सोय मधे ॲप-व्हीत आली होती, पुढे ती मोडीत काढली. तेव्हा गुप्त काही असेल तर ते पॅकेजमध्ये घालायचंच नाही, एवढा एकच धडधडीत उपाय उरतो.

सिक्वेन्सरमध्ये एक छोटी चौकट आहे, ‘व्हर्च्युअल फाइल सिस्टिममध्ये पूर्ण लिहिण्याची परवानगी द्या’ अशा अर्थाची. हट्टी सॉफ्टवेअर चालत नसेल तर तिथे टिक केली की बऱ्याचदा चालतं. साध्या वापरकर्त्याला खऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही, ही विंडोजची जुनी आणि फार उपयोगाची शिस्त. या टिकेने त्या पॅकेजपुरती ती उठते. लिहिलेलं त्याच माणसाच्या प्रोफाइलमध्ये राहतं, त्यामुळे शेजाऱ्याला धक्का नाही, हे खरं. पण कुठल्या पॅकेजला ही टिक आहे आणि का, हे कुठेतरी लिहिलेलं असावं की नाही? मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी नसायचं. टेम्प्लेटमध्येच टिक करून ठेवलेली असायची, म्हणजे तो प्रश्नच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅकेजच्या शेजारी डिप्लॉयमेंट कॉन्फिगची एक्सएमएल फाइल असते ना, ती कधी शांतपणे वाचली आहेस का? तिच्यात स्क्रिप्ट लिहिता येतात. पॅकेज मशीनवर आलं की हे चालव, सर्वांसाठी पब्लिश झालं की ते चालव. मशीनच्या पातळीवरच्या या स्क्रिप्ट ‘सिस्टिम’ खात्याने चालतात, म्हणजे त्या मशीनवरच्या सगळ्यात मोठ्या अधिकाराने. स्क्रिप्टची ही सोय मुळात बंद असते. पण एखाद्या पॅकेजला गरज पडते म्हणून ती सगळ्या मशीनवर चालू केली जाते आणि मग कायमची चालूच राहते. आता जोड लाव. ही फाइल म्हणजे साधा मजकूर, कुणाची सही नाही, काही नाही, पॅकेज शेअरवर पडलेली. त्या शेअरवर ज्याला लिहिता येतं, त्याने नोटपॅडमध्ये एक ओळ घातली तर ती ओळ ते पॅकेज या फाइलसकट घेणाऱ्या प्रत्येक मशीनवर सिस्टिमच्या अधिकाराने चालेल. बबल फोडायला नको, व्हायरस लिहायला नको. एका कंपनीत मी शेअरवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिलेला पाहिला आहे. टेस्टिंगच्या वेळी परवानगीचा एरर येत होता म्हणून तात्पुरता दिला होता म्हणे. तात्पुरत्याचं वय तोवर बरंच झालेलं होतं.

मायक्रोसॉफ्टची कागदपत्रंही मोठा धोका सांगतात तो याच जातीचा: व्यवस्थाच कुणा भलत्याच्या हातात जाऊन क्लायंट मशीनची मांडणी बदलली जाणं. म्हणून पब्लिशिंग सर्व्हरपर्यंतची वाट एचटीटीपीएसची असावी, त्याचे ॲडमिन मोजके असावेत, आणि पॅकेज बनवणारा आणि शेअरवर चढवणारा ही माणसं वेगळी असावीत. शेवटच्या मुद्द्यावर तुमचा लीड नक्की कुरकुरेल. कुरकुरू दे.

आता पॅचिंग. सिक्वेन्सिंग करताना आपण सॉफ्टवेअरचं ऑटो-अपडेट बंद करतो. करावंच लागतं, नाहीतर प्रत्येकाच्या बबलमध्ये वेगळी आवृत्ती तयार होईल. पण तो स्विच बंद केला त्या क्षणी अपडेटची जबाबदारी सॉफ्टवेअर कंपनीच्या अंगावरून उतरून तुमच्या टीमच्या अंगावर आली, हे कुणी बोलून दाखवत नाही. पॅकेज चालतंय ना, मग हात लावू नका, हा आपल्याकडचा अलिखित नियम. जावा ६ चे सार्वजनिक अपडेट २०१३ मध्ये थांबले. तरी ‘त्या एका जुन्या पोर्टलसाठी’ जावा ६ बबलमध्ये घालून वर्षानुवर्षं वापरणारी ऑफिसं होती. बबल इथे उलट अपाय करतो, कारण त्याच्यामुळेच जुनं, भोकं पडलेलं सॉफ्टवेअर चालू ठेवणं सोपं होतं. असं काही चालवावंच लागलं तर ते ज्या ब्राउझरमध्ये चालतं त्याला ते एकच पोर्टल उघडता येईल, दुसरं काही नाही, असं प्रॉक्सीवर बांधून टाका. कनेक्शन ग्रुप करताना तर जास्तच जप. दोन पॅकेजं एका बबलमध्ये आली की नव्याला जुन्याची भोकं फुकट मिळतात.

लॉग-फोर-जेची गोष्ट तुम्हाला कॉलेजात सांगितली असेल. डिसेंबर २०२१ मध्ये त्या जावा लायब्ररीतलं भगदाड जाहीर झालं आणि जगभरच्या आयटीवाल्यांच्या झोपा उडाल्या. पॅच लवकर आला होता. खरा घोळ वेगळाच होता: आपल्याकडे ही लायब्ररी कुठे कुठे आहे हेच लोकांना माहीत नव्हतं. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात, त्या सॉफ्टवेअरच्या जारच्या आतल्या जारमध्ये दडलेली. इन्स्टॉल झालेल्या सॉफ्टवेअरांची यादी काढून ती सापडत नव्हती. पॅकेजं आणि कंटेनर यांनी हा पोटातला माल आणखी एक थर आत नेला. म्हणून प्रत्येक पॅकेजसोबत आत कोणत्या लायब्ररी, कोणत्या आवृत्तीच्या आहेत याचा कागद ठेव. कंटाळवाणं काम आहे. त्या डिसेंबरात ज्यांच्याकडे असा कागद होता ती माणसं वेळेवर घरी गेली.

दूरच्या सर्व्हरवर ॲप चालवून फक्त त्याची खिडकी दाखवणं, म्हणजे सिट्रिक्सची पद्धत, तुमच्याकडे असेल तर तिचं दुखणं निराळं. माणसाला एकच ॲप दिलंय असं आपण समजतो. तो त्या ॲपमध्ये ‘फाइल, ओपन’ करतो, नावाच्या चौकटीत सिस्टिम-३२ चा पत्ता टाकतो, कमांड प्रॉम्प्टवर राइट-क्लिक करतो, आणि सर्व्हरवर काळी खिडकी उघडते. प्रिंटच्या खिडकीतून, हेल्पच्या लिंकमधूनही हे जमतं. पेनटेस्ट करणारे सकाळच्या चहाआधी हे करून बघतात. उपाय जुनाच, ॲपलॉकर किंवा तत्सम काही लावून ठरलेल्या प्रोग्रामांखेरीज काही चालूच द्यायचं नाही.

त्या सर्व्हरांच्या दारावर बसवलेल्या यंत्राचंही ऐक. १० ऑक्टोबर २०२३ ला सिट्रिक्सने नेटस्केलरसाठी पॅच काढला. त्या भोकाला पुढे ‘सिट्रिक्स ब्लीड’ नाव पडलं. यंत्राच्या मेमरीतून लोकांची चालू सेशनची टोकन बाहेर गळत होती. टोकन हातात आलं की पासवर्ड नको, ओटीपी नको. लॉकबिट टोळीने ते वापरून बोइंगच्या सुटे भाग आणि वितरणाच्या विभागात शिरकाव केला. बोइंगने दिलेल्या माहितीवरून अमेरिकन सरकारी यंत्रणांनी नोव्हेंबरमध्ये सर्वांना सावध केलं. अनेकांनी पॅच लावला आणि हुश्श केलं, पण आधीच चोरलेली टोकन पॅचनंतरही चालत होती. चालू सेशन सगळी तोडायला हवी होती. पॅच लावल्यावर पुढच्या सूचनाही वाचाव्यात, त्या अशासाठी.

ॲप-व्हीचा धाकटा भाऊ एमएसआयएक्स, त्यात पॅकेजवर डिजिटल सही सक्तीची आहे. चांगली गोष्ट आहे, पण तिच्यावर भाळू नकोस. २०२१ च्या अखेरीस इमोटेट या मालवेअरच्या टोळीने सही केलेलं पॅकेज ॲडोबीचा पीडीएफ घटक म्हणून लोकांच्या गळ्यात मारलं. त्यांनी वापरलेली, वेब पानावरून थेट पॅकेज इन्स्टॉल करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने बंद केली, नंतर पुन्हा उघडली, आणि टोळ्यांनी पुन्हा वापरल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंद केली. सहीने एवढंच कळतं की खोकं कुणाच्या नावाने बांधलंय. आतल्या मालाबद्दल सही काही बोलत नाही.

एक गंमत सांगतो, तुमच्या लीडलाही बहुधा माहीत नसेल. ॲप-व्हीची पब्लिशिंग ताजी करणारी एक व्हीबी स्क्रिप्ट विंडोजसोबतच येते, मायक्रोसॉफ्टची सही असलेली. तिला चतुराईने मजकूर दिला की तिच्या आडून पॉवरशेलची हवी ती आज्ञा चालवता येते, आणि राखणदाराला वाटतं मायक्रोसॉफ्टचंच काम चाललंय. मायटरच्या हल्लापद्धतींच्या यादीत तिला स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे ज्या कंपनीने ॲप-व्ही कधी वापरलंच नाही, तिच्याही मशीनवर हे पडलेलं असतं. तुमच्याकडे ती स्क्रिप्ट कुणी, कधी, काय देऊन चालवली हे कुठेतरी दिसायला हवं.

त्यासाठी लॉग. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्टखाली ॲप-व्ही, क्लायंट असं शाखेत शिरत जा, तिथे ‘ॲडमिन’ आणि ‘ऑपरेशनल’ नोंदी मिळतील. त्या मशीनवरच राहू दिल्या तर भरल्या की पुसल्या जातात. एका मध्यवर्ती जागी पाठवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर हल्ल्याची घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. ६ तासांत कळवायचं तर काय झालं हे आधी आपल्याला कळलेलं हवं.

मग ॲप-व्ही वाईट का? मुळीच नाही. लोकांना ॲडमिनचे अधिकार न देता सॉफ्टवेअर देता येतं, हाच सुरक्षेचा केवढा मोठा फायदा. काढून टाकलं की मागे उष्टं-खरकटं उरत नाही. आणि खरोखर संशयाची फाइल उघडायची असेल तर त्यासाठी वेगळी हत्यारं आहेत. २०१९ पासून विंडोज १० प्रो आणि एंटरप्राइझमध्ये विंडोज सँडबॉक्स आहे, तो हायपरव्हायझरवर उभा असतो, बंद केला की सगळं पुसलं जातं. ती भिंत परक्याला अडवण्यासाठीच बांधलेली आहे, म्हणून तिच्यावर जास्त विश्वास. अर्थात भिंतीलाही भोकं निघतात. क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेनम’ नावाचं भोक २०१५ साली सापडलं, ते होतं आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, २००४ पासून पडून. तुझ्या पिढीने फ्लॉपी हातात धरली नाही, पण तिच्यातून सर्व्हर फुटू शकत होता!

तेव्हा सिक्युरिटीवाल्यांशी भांडू नकोस. त्यांची प्रश्नावली घे आणि पॅकेज पाठवण्याआधी तूच उत्तरं भरून जोड. पुढच्या वेळी ते तुला फोन करून विचारतील, आणि ही ओळख तुला लीडच्या शाबासकीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

सोमवारी ऑफिसात गेलीस की एक काम कर. पॅकेज शेअरवर राइट-क्लिक कर, ‘प्रॉपर्टीज’मधला ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ हे दोन्ही टॅब उघड. ‘एव्हरीवन’ किंवा ‘डोमेन युजर्स’समोर ‘मॉडिफाय’ वा ‘फुल कंट्रोल’ दिसलं, तर स्वतः काही बदलू नकोस. स्क्रीनशॉट काढून लीडला मेल कर, सिक्युरिटीवाल्यांना सीसीत ठेव, आणि काय उत्तर आलं ते मला कळव.

तुझा,
मामा